न्यायालयाचा अधिकार आणि न्यायालयाचे वजन

मराठीत ‘अधिकार’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. पदावरच्या माणसाला सही करण्याचा अधिकार असतो आणि एखादा जाणकार आपल्या विषयावर अधिकाराने बोलतो. पहिला अधिकार नियमातून येतो आणि पद सुटले की तोही सुटतो. दुसरा कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेला नसतो. घटनात्मक न्यायालयांची चर्चा करताना या दोहोंची सर्रास गल्लत होते. ‘अमुक देशाचे न्यायालय फार शक्तिशाली आहे’ असे कोणी म्हणते, तेव्हा त्या न्यायालयाला कायदे रद्द करण्याची मुभा आहे असे म्हणायचे असते, की त्याने कायदा रद्द केला तर तिथले सरकार तो निकाल खरोखरच पाळते असे, हे बहुधा उलगडत नाही. या लेखापुरते मी पहिल्या गोष्टीला अधिकार आणि दुसरीला वजन म्हणतो.

अधिकार कागदावर वाचता येतो. कोणते कलम, कोण दाद मागू शकतो, निकाल कोणावर बंधनकारक, हे सगळे तिथे लिहिलेले असते. वजन मात्र हरलेल्या पक्षाच्या वागण्यात दिसते, आणि तो हरलेला पक्ष स्वतः सरकार असेल तेव्हाच ते खरे जोखता येते, कारण न्यायालयापाशी ना फौज असते ना तिजोरी.

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे, कारण तिथे वजन आधी आणि अधिकार नंतर अशी उलटी वाट दिसते. संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेत स्पष्ट शब्दांत कुठेही लिहिलेला नाही. १८०१ च्या मार्चमध्ये अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स पायउतार होत असताना विल्यम मार्बरी यांची एका छोट्या न्यायिक पदावर नेमणूक झाली. नेमणूकपत्रावर सही झाली, शिक्काही बसला, पण ते पोहोचवायचे राहून गेले. नव्या अध्यक्षांच्या, म्हणजे जेफर्सन यांच्या, सरकारने ते अडवून धरले आणि मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश जॉन मार्शल पेचात सापडले. पत्र देण्याचा परमादेश, म्हणजे सरकारला ते काम करायला लावणारा हुकूम, काढावा, तर सरकार तो धाब्यावर बसवणार हे उघड होते. काढू नये, तर न्यायालय घाबरले असा अर्थ निघणार होता. शिवाय ज्या काळात ते पत्र पोहोचवायचे राहिले, त्या काळात परराष्ट्रमंत्री म्हणून ते काम स्वतः मार्शल यांच्याच खात्याचे होते! २४ फेब्रुवारी १८०३ च्या निकालात त्यांनी म्हटले, की मार्बरी यांचा पत्रावरचा हक्क खरा आहे, परंतु ज्या १७८९ च्या कायद्याच्या आधारे ते थेट या न्यायालयात आले ते कलम घटनेशी विसंगत आहे, म्हणून रद्दबातल आहे आणि म्हणून परमादेश काढता येत नाही. न्यायालयाने एक लहानसा अधिकार नाकारला आणि त्या नाकारण्यातूनच फार मोठा अधिकार सांगितला. जेफर्सन यांना हे विवेचन मुळीच रुचले नाही, पण मोडायला आदेशच नव्हता. यानंतर संघीय कायदा घटनाबाह्य ठरवण्याची पुढची वेळ थेट १८५७ मध्ये आली. किती कायदे रद्द केले यावर न्यायालयाची ताकद मोजणाऱ्यांनी मधली ५४ वर्षे नजरेआड करू नयेत. याच काळात तो सांगितलेला अधिकार अंगवळणी पडला.

भारतात अधिकाराचा प्रश्न नव्हता. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा निरर्थक ठरेल, हे अनुच्छेद १३ मध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे. वाद होता तो घटनादुरुस्तीचा. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने सांगितले, की संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. हा निकाल न्यायालयाचा मोठा विजय म्हणून सांगितला जातो आणि ते बरोबरही आहे. तरी त्या दिवशी प्रत्यक्षात कोण जिंकले हेही पाहिले पाहिजे. आव्हान दिलेल्या दुरुस्त्यांचा बहुतांश भाग वैध ठरला आणि ज्यांच्या नावाने खटला चालला त्या मठाधिपतींच्या हाती फारसे काही पडले नाही. दोन वर्षांनी इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात हीच मूलभूत चौकट वापरून ३९ व्या घटनादुरुस्तीतील एक खंड रद्द झाला, पण बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे त्यांची निवड मात्र कायम राहिली. मार्बरी खटल्याशी असलेले हे साम्य मला योगायोगाचे वाटत नाही. नवे तत्त्व मांडताना न्यायालये त्याच क्षणी सरकारकडून मोठी किंमत वसूल करत नाहीत.

अर्थात सरकारला दुखावले नाही की वजन वाढते, असा अर्थ कोणी काढू नये. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणी चालू असताना, बंदिप्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले, की आणीबाणीतील राष्ट्रपतींच्या आदेशामुळे स्थानबद्ध नागरिकाला सुटकेसाठी न्यायालयाकडे येता येणार नाही. त्याआधी अनेक उच्च न्यायालयांनी नेमके उलटे सांगितले होते. या निकालाचे पालन तंतोतंत झाले, कारण तो सरकारला हवाच होता. न्यायालयाचा एकही कागदी अधिकार त्या दिवशी कमी झाला नाही आणि तरीही न्यायालयाचे वजन त्या दिवसाइतके क्वचितच घटले असेल. आज त्या खटल्यातून आदराने घेतले जाते ते न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे एकट्याचे विरोधी मत. २०१७ मध्ये गोपनीयतेच्या हक्काविषयीच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निर्णय चुकीचा ठरवला. न्यायालयाला आपले गेलेले वजन परत आणायला असा शब्द उघडपणे मागे घ्यावा लागतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

जर्मनीत अधिकार सुरुवातीपासून भरपूर होता. कार्लस्रूह येथील संघीय घटनात्मक न्यायालय १९५१ मध्ये सुरू झाले, तेव्हा कायदे रद्द करण्याची तरतूद मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या राज्यघटनेत, होतीच. त्याच्या खर्चाची आणि कर्मचाऱ्यांची सूत्रे मात्र न्याय मंत्रालयाकडे होती. ज्याच्या कामावर निकाल द्यायचा त्याच्याकडेच खर्चासाठी हात पसरायचा, ही अवस्था न्यायाधीशांनी मान्य केली नाही. १९५२ मध्ये त्यांनी एक निवेदन काढून आपण संसद आणि सरकार यांच्याच बरोबरीची घटनात्मक संस्था आहोत असा दावा केला आणि कालांतराने तो मान्य झाला. स्वतंत्र अंदाजपत्रकासारखी कोरडी गोष्ट वजनाच्या मुळाशी असू शकते, हे यातून दिसते.

त्या वजनाची कसोटी १९६१ मध्ये लागली. चॅन्सेलर आडेनावर यांना केंद्र सरकारच्या हातातली दूरचित्रवाणी हवी होती आणि त्यासाठी त्यांनी कंपनीही काढली होती. काही घटकराज्ये न्यायालयात गेली आणि २८ फेब्रुवारी रोजी न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. निकाल चुकीचा आहे यावर मंत्रिमंडळाचे एकमत आहे, असे आडेनावर यांनी संसदेत सांगितले. पण कंपनीचे काम थांबले आणि पुढे घटकराज्यांनी आपसांत करार करून दुसरी वाहिनी उभी केली. ‘निकाल चुकीचा आहे’ आणि ‘निकाल पाळला जाईल’ ही दोन्ही वाक्ये एकाच सरकारकडून एकाच वेळी येतात, तेव्हा वजन काय असते ते कळते. निकाल पटल्यावर पाळणे हे कोणीही करील.

रशियात नेमके याच्या उलट घडले. १९९१ च्या अखेरीस सुरू झालेल्या घटनात्मक न्यायालयाला कागदावर मोठे अधिकार होते आणि त्याने ते लगोलग देशातल्या सर्वांत तापलेल्या भांडणात, म्हणजे अध्यक्ष आणि संसद यांच्या झगड्यात, वापरले. मार्च १९९३ मध्ये न्यायालयाचे अध्यक्ष व्हालेरी झोर्किन यांनी देशाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या भाषणावर रातोरात जाहीर टीका केली. निवाड्याआधीच न्यायालय एका बाजूला उभे दिसले. सप्टेंबरमध्ये येल्त्सिन यांनी संसद बरखास्त केली, न्यायालयाने त्याच रात्री ते घटनाबाह्य ठरवले आणि ऑक्टोबरमध्ये येल्त्सिन यांनी न्यायालयाचेच कामकाज थांबवले. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचे म्हणणे खरे असेलही, पण ते ऐकणे भाग पडावे इतके वजन दोन वर्षांत जमलेले नव्हते.

दक्षिण आफ्रिकेचे न्यायालयही कोवळेच होते. तिथे पहिला मोठा प्रसंग सप्टेंबर १९९५ मध्ये आला. स्थानिक निवडणुका तोंडावर असताना न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी संसदेने दिलेल्या अधिकारात काढलेल्या उद्घोषणा अवैध ठरवल्या. निकाल देणाऱ्या न्यायालयाचे अध्यक्ष आर्थर चास्कलसन हे रिव्होनिया खटल्यात, म्हणजे ज्यात वर्णभेदी राजवटीने मंडेला यांना जन्मठेप दिली त्या खटल्यात, त्यांच्या बचावाच्या वकिलांपैकी एक होते आणि न्यायालयाच्या अध्यक्षपदी त्यांची नेमणूक मंडेला यांनीच केली होती. न्यायालयाने संसदेला चूक सुधारायला काही आठवड्यांची मुदत दिली, म्हणजे निवडणुका अडकल्या नाहीत, आणि मंडेला यांनी निकाल आपल्याला मान्य असल्याचे जाहीरपणे सांगितले. वजन न्यायालय एकट्याने कमावत नाही. हरणाऱ्याने दिलेला मानही त्यात जमा होतो. त्या न्यायालयाची आजची इमारत जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात आहे आणि पाडलेल्या कोठड्यांच्या विटा तिच्या बांधकामात वापरल्या आहेत.

उरतो तो उलटा प्रश्न: कमावलेले वजन अधिकाराला वाचवू शकते का? हंगेरीच्या न्यायालयाने १९९० मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली आणि पुढे कित्येक वर्षे ते युरोपातील सर्वांत कर्त्या न्यायालयांपैकी एक मानले गेले. कोणाही व्यक्तीला कायद्याला आव्हान देण्याची मुभा होती. २०१० मध्ये एक पूर्वलक्षी कर त्याने रद्द करताच दोनतृतीयांश बहुमताच्या सरकारने घटना बदलून अंदाजपत्रक आणि करविषयक कायद्यांवरचा त्याचा बहुतांश अधिकार काढून घेतला. पोलंडमध्ये तर तेवढेही करावे लागले नाही. तिथल्या घटनेचे अनुच्छेद १९० सांगते, की घटनात्मक न्यायाधिकरणाचे, म्हणजे तिथल्या घटनात्मक न्यायालयाचे, निकाल अंतिम आहेत आणि ते तत्काळ राजपत्रात प्रसिद्ध झाले पाहिजेत. ९ मार्च २०१६ रोजी न्यायाधिकरणाने स्वतःविषयीचाच एक कायदा घटनाबाह्य ठरवला. अनुच्छेद जसेच्या तसे होते, न्यायाधीश आपल्या जागी होते आणि निकालपत्रावर सह्याही झाल्या होत्या. सरकारने तो निकाल दोन वर्षांहून अधिक काळ राजपत्रात छापलाच नाही.