चालू मशीनवर डीबगर लावण्याआधी: कर्नल अपडेटविषयी माहिती

आमचा रिअल-टाइम लिनक्स कंट्रोलर वापरून जे ग्राहक स्वतःचा प्रोग्राम लिहितात आणि जीडीबी किंवा एसट्रेस ही डीबगिंगची (चुका शोधण्याची) साधनं लावून तो तपासतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. मशीन नुसतं चालवणाऱ्यांना पुढे सांगितलेल्या दोषाचा त्रास होत नाही.

प्रोग्राम ब्रेकपॉइंटवर (डीबगरने ठरवलेल्या थांब्यावर) थांबला की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ‘स्केड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ किंवा ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ अशी ओळ येते. तिच्याखाली ‘पीट्रेस_स्टॉप’ आणि ‘सीग्रुप_एंटर_फ्रोझन’ ही कर्नलमधल्या फंक्शनची नावं दिसली, तर दोष हाच.

याचं मूळ 2009 सालच्या एका सुधारणेत आहे. थांबणारा प्रोग्राम डीबगरला जागं करायचा आणि स्वतः प्रोसेसरवरून उतरण्याआधीच डीबगर त्याला बाजूला सारायचा. समोरचा अजून रांगेतच आहे हे पाहून डीबगर टायमरच्या एका टिकभर झोपायचा. 250 हर्ट्झच्या कर्नलमध्ये हे 4 मिलिसेकंद दर थांब्याला वाया जात. म्हणून त्या चिमुकल्या टप्प्यापुरतं प्रीएम्प्शन (चालू प्रोग्रामला मध्येच बाजूला सारून दुसरा चालवणं) बंद केलं गेलं. उपाय चोख होता, पण तो साध्या कर्नलपुरता.

आरटी (रिअल-टाइम) कर्नलमध्ये स्पिनलॉक (एका वेळी एकालाच मिळणारा लॉक) मिळाला नाही की प्रोसेस झोपते, आणि प्रीएम्प्शन बंद असताना झोपायला सक्त मनाई आहे. नेमक्या याच टप्प्यात ‘सीग्रुप_एंटर_फ्रोझन’ एक स्पिनलॉक मागतं. शिवाय इथे टास्कलिस्टचा (चालू प्रोसेसच्या यादीचा) लॉक धरल्याने प्रीएम्प्शन थांबत नाही. त्यामुळे डीबगर आधीच मध्ये घुसू शकतो आणि जुन्या उपायाचा फायदाही उरत नाही. म्हणून 2023 च्या दुरुस्तीत आरटी कर्नलपुरतं हे प्रीएम्प्शन बंद करणं काढून टाकलं. बदल दोन-चार ओळींचाच, पण आमच्या मते तो टाळू नये: डीबगिंग करताना कर्नलच अडखळला, तर चूक तुमच्या कोडमध्ये आहे की खाली, हे कळायला मार्ग राहत नाही.

आरटी मूळ लिनक्समध्ये आलं ते 2024 च्या 6.12 आवृत्तीत, आणि तिच्यात ही दुरुस्ती आहेच. कंट्रोलरवर ‘युनेम’ कमांडने आवृत्ती पाहा. ती 6.12 च्या आधीची असेल, तर आम्हाला कळवा. त्या कर्नलमध्ये दुरुस्ती आहे की नाही हे तपासून अपडेट पाठवू. अपडेटनंतर रीस्टार्ट लागतो, म्हणून शिफ्ट संपल्यावरच करा.

एक गोष्ट अपडेटनंतरही बदलत नाही. ब्रेकपॉइंट लागला की तुमचा कंट्रोल लूप थांबतोच. सर्व्हो ड्राइव्हचा पुरवठा बंद केल्याशिवाय डीबगर जोडू नका.