हिरवी चौकट: नोकरी गेलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रिया आणि लिंक्डइन

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावर आपण काम शोधत असल्याचं सांगणारी एक हिरवी चौकट फोटोभोवती लावता येते. नोकरी गेलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीने ती लावावी का, हा इथला प्रश्न. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक आकडा सगळीकडे फिरत होता. फेब्रुवारी ते जुलै या काळात तीन लाखांवर कृष्णवर्णीय स्त्रिया कामाबाहेर गेल्या, असं तो सांगत होता. तो जपून वाचायला हवा. दर महिन्याला सुमारे साठ हजार घरांची जी पाहणी होते, तिच्यातून तो काढलेला आहे. नोकरीवरून काढलेल्या, स्वतःहून सोडलेल्या, लवकर निवृत्त झालेल्या आणि काम शोधणंच थांबवलेल्या अशा सगळ्या जणी त्यात एकत्र मोजल्या जातात. बेरोजगारीच्या दराकडे पाहिलं की मात्र चित्र स्पष्ट होतं. वीस वर्षांवरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर मार्चमध्ये ५.१ टक्के होता, सप्टेंबरमध्ये तो ७.५ टक्क्यांवर गेला. त्या महिन्यात देशाचा एकूण दर ४.४ टक्के होता.

हा फटका याच स्त्रियांना एवढा का बसला, याचं बरंचसं उत्तर सरकारी नोकरीत आहे. देशाच्या एकूण कामकरी वर्गात त्यांचं प्रमाण सहा-सात टक्के, केंद्र सरकारच्या नोकरवर्गात मात्र सुमारे बारा टक्के. खासगी क्षेत्रात पूर्णवेळ काम करूनही कृष्णवर्णीय स्त्रीची कमाई गोऱ्या पुरुषाच्या जेमतेम दोन तृतीयांश भरते. सरकारी नोकरीत वेतनश्रेणी छापील असते, बढतीचे नियम लिहिलेले असतात, मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीला निदान कागदावर तरी लगाम असतो. वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत कृष्णवर्णीयांचा जो सुस्थितीतला मध्यमवर्ग उभा राहिला, तो मोठ्या प्रमाणात याच पगारांवर.

तिथेही दार सहज उघडलेलं नव्हतं. १९१३ नंतर केंद्राच्या कार्यालयांत वर्णानुसार वेगळ्या बसण्याची पद्धत रूढ करण्यात आली आणि १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जाला फोटो जोडणं सक्तीचं झालं. परीक्षेला तोतया उमेदवार बसू नयेत म्हणून, असं कारण दिलं गेलं. पण पहिल्या तीन उमेदवारांतून एकाला निवडायची मुभा अधिकाऱ्याला होती, आणि आता अर्जावर चेहरा दिसत होता. परीक्षेत वरचा क्रमांक मिळवणारे कृष्णवर्णीय उमेदवार या तिघांतून बिनबोभाट वगळता येऊ लागले. ही सक्ती १९४० मध्ये उठली, फोटोच्या जागी बोटांचे ठसे आले. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतला वर्णभेद बेकायदा ठरवला. आज अमेरिकेत अर्जासोबत फोटो मागणं कंपन्या टाळतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

नाव मात्र अर्जावर राहतंच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले होते. पात्रता सारखीच, फरक फक्त नावांचा. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा पन्नास टक्के अधिक बोलावणी आली. आपल्याकडे आडनावावरून काय होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. भारतातही अशाच पद्धतीने केलेली पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि दलित आडनावांच्या अर्जांना कमी प्रतिसाद मिळाल्याचं तिच्यातून दिसलं.

नोकऱ्या ओळखीतून मिळतात, आणि त्यातही जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या परिचितांकडून जास्त, हे समाजशास्त्राने १९७३ मध्ये मांडलं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या अभ्यासाने त्याला मोठा आधार दिला. (हे प्रयोग वापरकर्त्यांना न कळवता झाले होते, आणि त्यावर रास्त टीकाही झाली.) पण दूरचा परिचित मोक्याच्या जागी असेल तरच उपयोगाचा. ज्यांच्या आईवडिलांना त्या कचेऱ्यांत पाऊलच ठेवता आलं नाही, त्यांना असे परिचित कुठून मिळणार? म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपली वेगळी जाळी विणली. १८९६ मध्ये त्यांच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ झाला. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांची पहिली विद्यार्थिनी-संघटना निघाली. या संघटनांचं सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही, ते आयुष्यभराचं असतं. साठीतली निवृत्त मुख्याध्यापिका आणि पंचविशीतली लेखापाल एकमेकींना ‘सोरोर’ (लॅटिनमध्ये बहीण) म्हणतात आणि कामाला येतात. ऑनलाइन जे दिसतं ते या जुन्या जाळ्यांवर उभं आहे. ते लिंक्डइनने दिलं असं मानणं मला चुकीचं वाटतं.

२०२० मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली एका कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, देश पेटून उठला आणि कंपन्यांनी विविधता आणि समावेशनाची खाती उघडली. त्या खात्यांत अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया नेमल्या गेल्या. २०२२-२३ च्या कपातीत आधी कात्री लागली त्यांतल्या बऱ्याच खात्यांना. दुसरी गोष्ट जूनमधली: लिंक्डइनने प्रोफाइल फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’ची (काम हवं आहे, अशी) हिरवी चौकट आणली.

ही चौकट लावावी की नाही, यावर आजही एकमत नाही. फक्त नोकरभरती करणाऱ्यांनाच दिसेल अशी खूण करायची सोय २०१६ पासून होती. तीच वापरा, चौकट लावली की माणूस गरजू दिसतो आणि पगाराच्या बोलणीत पडतं घ्यावं लागतं, असं भरतीतले कित्येक जण सांगतात. कंपनीचं म्हणणं असं की चौकट लावणाऱ्यांना जास्त संदेश येतात. कृष्णवर्णीय स्त्रीपुढे हा प्रश्न आणखी अवघड होऊन उभा राहतो. चौकट असते फोटोभोवती, म्हणजे नजर आधी चेहऱ्यावरच जाते. जो चेहरा १९४० मध्ये अर्जावरून हटवला गेला, तो इथे पात्रतेच्या आधी दिसतो. फोटो काढून टाकावा तर प्रोफाइल खोटं वाटतं, कोणी उघडत नाही. ठेवावा तर ‘आधीच डावललेली, त्यात आता बेकार’ असा दुहेरी शिक्का बसण्याची भीती.

तरीही चौकट लावणाऱ्यांचं गणित मला पटतं. लपवलेली खूण भरती करणाऱ्याला दिसते, आणि या स्त्रियांची मदार त्याच्यावर कधीच नव्हती. त्यांची मदार जुन्या सहकारिणीवर, चर्चमधल्या बाईवर, दहा वर्षांपूर्वी एका परिषदेत भेटलेल्या कुणावर. लपवलेली खूण यांतल्या एकीलाही दिसत नाही. हिरवी चौकट सगळ्या जणींना दिसते, आणि ‘अगं, आमच्याकडे एक जागा निघते आहे’ हा निरोप येतो तो त्यांच्याकडूनच.

२०२५ मध्ये याला आणखी एक कारण जोडलं गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या २० जानेवारीच्या आदेशाने सरकारातली विविधता-खाती बंद करण्यात आली आणि तिथल्या लोकांना दोन दिवसांत सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. मार्चमध्ये शिक्षण खात्याचा जवळजवळ निम्मा नोकरवर्ग कमी करण्याचं जाहीर झालं. या खात्यात कृष्णवर्णीय स्त्रिया सरकारी सरासरीहून बऱ्याच जास्त होत्या. त्याआधी फेब्रुवारीत परिवीक्षेवरच्या हजारो कर्मचाऱ्यांना जी पत्रं गेली, त्यांत काम समाधानकारक नसल्याचं कारण छापलेलं होतं. ज्यांची वार्षिक नोंद उत्तम होती त्यांनाही तेच पत्र. एका न्यायाधीशांनी ते कारण बनावट ठरवलं. असं पत्र हातात पडल्यावर गप्प राहणं म्हणजे ते कबूल करणं. म्हणून अनेकींनी खुलेपणाने लिहिलं: इतकी वर्षं सेवा, हे काम केलं, माझं पद अमुक तारखेला रद्द झालं. खाली ओळखीच्या-अनोळखी बायका नुसतं एखादं वाक्य टाकून जात, कारण प्रतिक्रिया आली की पोस्ट आणखी लोकांपुढे जाते.

खरं कष्टाचं काम या पोस्टच्या पलीकडे, बंद गटांत चालतं. सरकारी अर्जाचा रेझ्युमे २०२५ पर्यंत चार-पाच पानांचा असायचा: प्रत्येक पदाचे आठवड्याचे तास, वेतनश्रेणी, वरिष्ठाचं नाव आणि फोन. खासगी कंपनीत दोन पानांवर कोणी वाचत नाही. ‘जीएस-१३’ ही सरकारी वेतनश्रेणी म्हणजे किती वरची जागा, हे बाहेरच्याला कळत नाही. मग एक जण दुसरीचा कागद घेऊन बसते आणि ‘अनुदान योजनेचे समन्वयन’ खोडून तिथे किती रक्कम, किती राज्यं, किती माणसं हाताखाली, हे लिहायला लावते. वीस वर्षं ‘आम्ही केलं’ असं लिहिण्याची सवय मोडून ‘मी केलं’ लिहिणं अनेकींना जड जातं.

या जागेवर किती विसंबावं, हाही प्रश्न आहेच. २०२५ च्या शेवटी अनेक स्त्रियांनी प्रोफाइलवर लिंग ‘पुरुष’ करून पाहिलं आणि आपल्या पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचल्याचं सांगितलं. कंपनीने लिंग किंवा वर्ण विचारात घेत नसल्याचं स्पष्ट केलं. काही कृष्णवर्णीय स्त्रियांना असा फायदा दिसला नाही, उलट पोच घटल्याचा अनुभव आला. बाहेरून तपासायची सोय नसल्याने वाद तिथेच अडकला आहे.

दरम्यान मेरीलँड, व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी केंद्रातून काढलेल्यांसाठी खास भरती मोहिमा जाहीर केल्या. त्यांच्या जागांच्या लिंक याच गटांतून फिरतात, आणि त्यांच्याखाली कोणत्या खात्यात आधीची सेवा धरली जाते, याची विचारपूस चाललेली असते.