बोकडाचा दर्प आणि नासलेल्या मटणाचा वास

उस्मानाबादी शेळीच्या आपल्या मुलखात कंदुरीच्या पंगतीला ‘मटणाला वास येतोय’ असे कोणी म्हटले, तर त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यांचा घोळ झाला, की चांगले मटण उकिरड्यावर जाते किंवा नासलेले ताटात येते.

खच्ची न केलेला बोकड वयात आला, की त्याच्या चरबीत काही शाखायुक्त मेदाम्ले, विशेषतः ४-इथाइलऑक्टेनॉइक आम्ल, साचतात. हा दर्प जनावर जिवंत असतानाचाच असतो. तो नकोसा वाटतो, पण अपायकारक नसतो. युरोपात नर डुकरांच्या चरबीतील अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या वास असलेल्या द्रव्यांमुळे हाच प्रश्न उभा राहतो आणि काही कत्तलखान्यांत चरबीला तापलेले लोखंड टेकवून प्रशिक्षित माणसे वास घेतात.

नासण्याचा वास मात्र कापल्यानंतर, मांसावर वाढणाऱ्या जीवाणूंमुळे येतो. साखर संपली, की ते अमिनो आम्लांकडे वळतात आणि अमोनिया व गंधकयुक्त वायू सुटू लागतात. बाटलीत मटणाचे बारीक तुकडे घालून वर शिसे अ‍ॅसिटेटात भिजवलेली कागदाची पट्टी टांगली, तर हायड्रोजन सल्फाइडमुळे ती तपकिरी-काळी पडते. पट्टी पांढरी राहिली म्हणून मटण ताजेच आहे, असे मात्र समजू नये, कारण नासवणारे सगळेच जीवाणू हा वायू सोडत नाहीत.

सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) मोजणे सर्वांत झटपट, पण माझ्या मते सर्वांत जास्त चुकीचा अर्थ याच आकड्याचा लावला जातो. जिवंत स्नायूचा सामू ७ च्या आसपास असतो, कापल्यावर तो सुमारे २४ तासांत ५.५ ते ६ पर्यंत उतरतो आणि नासताना पुन्हा चढतो. आपल्याकडे पहाटे कापलेले मटण दुपारपर्यंत संपते, म्हणजे सामू पुरता उतरण्याआधीच ते विकले जाते. शिवाय बाजारापर्यंत लांबवर चालवून दमवलेल्या जनावराचा सामू मुळातच फारसा उतरत नाही. त्यामुळे ६.५ हा आकडा शिळ्या मटणाचा असू शकतो, तसाच तासाभरापूर्वीच्या ताज्या मटणाचाही.

बोकडाच्या दर्पाबद्दल या दोन्ही चाचण्या काहीच सांगत नाहीत. त्यासाठी चरबीचा तुकडा झाकणाच्या बाटलीत घालून गरम पाण्यात धरावा आणि झाकण उघडताच वास घ्यावा. म्हणूनच प्रयोगशाळेत नमुना देताना तो चरबीसह द्यावा आणि चिठ्ठीवर जनावर कापल्याची वेळ, तसेच नर खच्ची होता की नाही, हे न विसरता लिहावे.