कपाटातली बॅटरी नवीच राहते का?

‘यूपीएसच्या बॅटऱ्या स्वस्तात मिळाल्या की जास्तीच्या घेऊन ठेवा, न वापरलेली बॅटरी नवीच राहते,’ हा सल्ला सर्व्हर रूम सांभाळणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे, लोखंडी रॅक ठेवून दिला तर तो खरंच टिकतो.

यूपीएसमध्ये असते त्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं तसं नाही. ती पडूनही उतरते: २५ अंशांना महिन्याला साधारण ३ टक्के. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट. आता जळगाव-भुसावळचा मे महिना आठवा. सर्व्हर रूमला एसी असतो, पण जास्तीचा माल जातो पत्र्याखालच्या गोदामात. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, मग चार्ज करूनही पूर्ण क्षमता परत येत नाही. खोकं मात्र कोरं करकरीत!

तपासणं सोपं आहे. खोक्यावरची नव्हे, बॅटरीवरची निर्मितीची तारीख बघा. मग मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा: १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.८ च्या आसपास दाखवते, १२.६ च्या खाली गेली तर लगेच चार्जिंगला लावा. एरवीही थंड जागेत दर ६ महिन्यांनी चार्ज करा, उन्हाळी गोदामात ३ महिन्यांतच.

आणखी एक. १६ बॅटऱ्यांच्या जुन्या सेटमध्ये एकच नवी घातली, तर तिचं जुन्यांशी जमत नाही, चार्जिंग असमान होतं. त्यामुळे सुट्या दोन-चार साठवण्यापेक्षा, सेट बदलायच्या वेळीच पूर्ण सेट मागवा. ऑर्डरमध्ये ‘निर्मिती ३ महिन्यांच्या आतली’ असं लिहा.