मानदुखी, जीर्ण : जबडा व निद्रा यांच्याशी संबंध

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उलटणाऱ्या मानदुखीस जीर्ण मानदुखी म्हणतात. मणक्यांची झीज, बैठक आणि उशी ही कारणे सर्वपरिचित असल्याने त्यांचा येथे विस्तार केलेला नाही. जबड्याच्या सांध्याचे व चर्वणस्नायूंचे विकार आणि बिघडलेली झोप अशा रुग्णांत वारंवार एकत्र आढळतात. या तिन्हींचा परस्परसंबंध हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये मन्यास्तंभ हा मान ताठरण्याचा विकार येतो. दिवसा झोपणे, बसण्या-उभे राहण्याची सदोष ढब आणि सतत वर पाहणे ही त्याची कारणे सांगितली आहेत. यांतील शेवटचे कारण माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या कामाला आजही लागू पडते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात जबडा उघडा किंवा मिटलेला अडकून राहण्याच्या विकाराचे वर्णन असून जीभ फार खरवडणे, कोरडे पदार्थ चावणे व आघात ही त्याची कारणे मानली आहेत. सुश्रुतसंहितेचा मूळ भाग बहुधा इसवी सनापूर्वीच्या शतकांतील असून तिचे आजचे रूप उत्तरकालीन संस्करणातून आले असावे. मात्र मान व जबडा यांचे विकार या ग्रंथांत स्वतंत्रपणे येतात, त्यामुळे आधुनिक कल्पनेचे मूळ तेथे शोधणे ओढूनताणून केल्यासारखे वाटते.

आधुनिक चर्चेचा आरंभ सामान्यतः सेंट लुइस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांच्या १९३४ मधील लेखापासून धरला जातो. मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, सांध्यामागील तंत्रिका (नस) दाबली जाते आणि त्यातून कान व डोके दुखते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शरीररचनाशास्त्रज्ञांनी त्यातील तंत्रिकादाबाचा भाग पुढे अमान्य केला. १९६९ मध्ये डॅनियल लॅस्किन यांनी मानसिक ताण, दात आवळण्याची सवय आणि स्नायूंचा थकवा यांना मध्यवर्ती स्थान दिले. तरीही दातांच्या जुळणीतील दोष हेच मूळ कारण मानणारा पक्ष दंतवैद्यकात दीर्घकाळ टिकून राहिला. १९९२ मध्ये जबड्याच्या विकारांच्या निदानाचे संशोधनोपयोगी निकष प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये ते सुधारले गेले. त्यांत सांधा व स्नायूंच्या तपासणीबरोबर रुग्णाची मानसिक-सामाजिक स्थितीही पाहिली जाते. उपलब्ध पुरावा पाहता हीच भूमिका अधिक ग्राह्य ठरते. त्यामुळे केवळ मान दुखते म्हणून निरोगी दाढा घासून घेणे, हा कायमचा आणि न उलटवता येणारा उपाय, समर्थनीय नाही.

जबड्याचे दुखणे मानेत आणि मानेचे जबड्यात जाणवण्यामागे तंत्रिकारचना आहे. चेहरा व चर्वणस्नायू यांच्या वेदना ट्रायजेमिनल या पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेतून जातात. तिचे वेदनाग्राही केंद्रक (पेशींचा समूह) मेंदूच्या खोडातून खाली मानेतील मेरुरज्जूपर्यंत (मज्जारज्जूपर्यंत) उतरते आणि मानेच्या वरच्या तीन तंत्रिकांचे संदेशही त्याच भागातील पेशींवर येऊन मिळतात, म्हणून मेंदूला वेदनेचा उगम नेमका ठरवता येत नाही. हालचालीही जोडलेल्या आहेत : तोंड उघडताना डोके किंचित मागे जाते, हे स्वीडनमधील उमिओ येथील प्रयोगांत दिसून आले आहे.

निद्रेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हार्वे मोल्डोफ्स्की व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये निरोगी तरुणांच्या गाढ झोपेत वारंवार व्यत्यय आणला, तेव्हा त्यांचे स्नायू दुखू लागले व दाबास हळवे झाले. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ऑपेरा या दीर्घ अभ्यासात, आधीपासून झोप चांगली नसलेल्या व्यक्तींना जबड्याचा वेदनाविकार नव्याने जडण्याचा धोका अधिक आढळला. दुखण्यामुळे झोप मोडते हे खरेच, परंतु बिघडलेल्या झोपेवरून पुढील दुखण्याचा अंदाज अधिक खात्रीने बांधता येतो, असे दिसते.

झोपेत दात खाण्याकडे सर्व दोष देण्याची प्रथा मात्र तपासून पाहिली पाहिजे. दात खाण्याच्या बहुतेक आवर्तनांपूर्वी मेंदू क्षणभर जागृतीकडे झुकतो आणि हृदयाची गती वाढते; म्हणजे ही क्रिया बऱ्याच अंशी अस्थिर झोपेची खूण असते. रात्रभर नोंदी घेणाऱ्या अभ्यासांत तिचा वेदनेशी संबंध अपेक्षेपेक्षा क्षीण आढळला. दिवसा नकळत दात आवळून धरण्याची सवय अधिक दखलपात्र असावी.

गोव्यात असा रुग्ण प्रथम अस्थितज्ज्ञाकडे जातो आणि जबड्याविषयी त्याला कोणी विचारीलच असे नाही. बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८० मध्ये स्थापन झालेले दंत महाविद्यालय शेजारीशेजारी असल्याने संयुक्त तपासणी शक्य आहे. तपासताना कानांच्या पुढे बोटे ठेवून तोंड उघडायला सांगतात. सांध्याची टकटक, एका बाजूला सरकणारा जबडा, गालाच्या आतील पांढरी रेघ आणि जिभेच्या कडेवरील दातांचे ठसे पाहतात. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने तोंडातील अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते. हा सबम्यूकस फायब्रोसिस असून कर्करोगपूर्व अवस्था आहे. त्यास जबड्याच्या सांध्याचा विकार समजणे घातक ठरते. हॉटेले व कसिनो यांतील रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना झोपेच्या वेळा आवर्जून विचाराव्यात.

उपचारांत ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवण्याची सवय, मान व जबड्याचे व्यायाम आणि निद्रानाशावरील वर्तनोपचार यांना प्राधान्य द्यावे. रात्री वापरायची दंतपट्टी दातांची झीज रोखते. वेदनेवरील तिच्या परिणामाविषयी मतभेद आहेत. मोठ्याने घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाची श्वासरोधासाठी (झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी) तपासणी करावी. हातात बधिरता किंवा दुर्बलता आल्यास मेरुरज्जूचा विकार वगळावा लागतो. चढण चढताना जबडा व मान दुखून विश्रांतीने थांबत असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते आणि हृदयाची तपासणी विनाविलंब करावी लागते.