एकाच वर्षीचा एक संप आणि एक करार

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला नेदरलँड्समधल्या वासेनार या समुद्रकाठच्या गावी कामगार संघटनांचे आणि मालकांचे पुढारी एका करारावर राजी झाले. मुंबईतला तो संप आजवर कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. गिरण्याच गेल्या, तिथे मॉल आणि टॉवर आले. वासेनारच्या करारानंतर मात्र दहा टक्क्यांच्या वर गेलेली डच बेकारी पुढच्या काही वर्षांत उतरत गेली. संप आणि करार यांची थेट तुलना होत नाही हे कबूल. एक शहरातल्या एका उद्योगाचा, दुसरा अख्ख्या देशाचा. तरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर बरंच काही कळतं.

गिरणी संपाची गोष्ट लालबाग-परळची म्हणून सांगितली जाते. पण तिथल्या गिरण्यांच्या खात्यांमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभा असलेला माणूस बऱ्याचदा रत्नागिरीचा नाही तर सिंधुदुर्गाचा असायचा. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हेही मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. गावात दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि त्या पैशातून वाण्याची उधारी फिटायची, शाळेची फी जायची, पावसाआधी कौलं चाळायला माणूस लागायचा, गणपतीत शिंप्याकडे कापड पडायचं. मनीऑर्डर थांबली तेव्हा फक्त कामगाराच्या घरातली चूल मंदावली नाही, तर वाणी, शिंपी, सुतार सगळेच खाली आले. अर्थशास्त्रात याला गुणक परिणाम म्हणतात: एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं, त्यामुळे एका ठिकाणी आटलेला रुपया पुढे चार ठिकाणी आटतो. मंदीत प्रत्येक मालक आपापल्या परीने शहाणपणाने पगार कापतो, माणसं कमी करतो, आणि सगळ्यांनी मिळून तेच केलं की सगळ्यांचंच गिऱ्हाईक संपतं.

प्रत्येकाचं शहाणपण आणि सगळ्यांचं नुकसान हा पेच कोकणातल्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात भाताची शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत आणि मध्ये फक्त मातीचा बांध. खेकडे तो पोखरतात, उधाणाच्या लाटा तो खातात, आणि एकदा खांड पडली की खारं पाणी आत शिरून जमीन दोन-तीन वर्षं तरी धड पिकत नाही. बांध सगळ्यांचा, पण त्यावर चिखल टाकायला दुसऱ्याने गेलं तर माझा दिवस वाचतो! असा विचार सगळ्यांनी केला तर बांध राहत नाही. म्हणून जोळ पद्धत होती. ज्याची जमीन त्याने ठरलेली मेहनत घालायची, कुणी चुकला तर गाव विचारणार. सामायिक साधनं अशा नियमांवर आणि एकमेकांवरच्या नजरेवर टिकतात, हे जगभरची उदाहरणं गोळा करून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९४८च्या खारभूमी कायद्यानंतर सरकार या कामात उतरलं. ते चांगलंच झालं, पण ‘बांध आता सरकारचा’ अशी भावना आली आणि जोळ सुटत गेली, हेही जुनी माणसं बोलून दाखवतात.

डच लोकांची शेतंही अशीच समुद्राखाली आणि बांधाआड. तिथल्या वाटाघाटींच्या पद्धतीला त्या पोल्डर जमिनींवरूनच नाव पडलं आहे. शेकडो वर्षांपूर्वी बांध एकत्र घातले म्हणून १९८२मध्ये करार जमला, हे मला जरा गोड गोष्टीसारखं वाटतं. खरी कारणं बरीच रोकडी होती.

महागाईचं चक्र असं फिरतं: किमती दहा टक्क्यांनी चढल्या म्हणून कामगार दहा टक्के वाढ मागतो, मालक ती देतो आणि मालाच्या किमतीत चढवतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नेदरलँड्समध्ये तर महागाईबरोबर पगार आपोआप चढायचे. एकट्या संघटनेने ‘आम्ही यंदा वाढ सोडतो’ म्हटलं तर तिचे सभासद मागे पडणार आणि किमती तरीही चढणारच. एकट्या मालकाने किंमत धरून ठेवली तर तो बुडणार. सगळ्यांनी एकदम पाय मागे घेतला तरच चक्र थांबतं. वासेनारला तेच झालं. संघटनांनी आपोआप वाढीचा हट्ट सोडला. बदल्यात मालकांनी कामाचे तास कमी करायचं मान्य केलं, म्हणजे आठवडा ४० वरून ३८ तासांकडे आला आणि असलेलं काम जास्त हातांत वाटता आलं. सरकार काय करत होतं? नुकतंच आलेलं रूड लुबर्स यांचं सरकार बाहेर उभं राहून सांगत होतं की तुमचं जमत नसेल तर आम्ही कायद्याने पगार गोठवू. त्या धमकीचा वाटा मोठा होता. वाटाघाटीत कामगारांच्या बाजूने बसलेले विम कोक पुढे १९९४मध्ये त्या देशाचे पंतप्रधान झाले.

कोक यांनी ‘हो’ म्हटलं की लाखो सभासद ते पाळणार, ही त्यांची खरी ताकद होती. मुंबईत नेमकं हेच नव्हतं. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरण्यांमध्ये मालकांशी बोलायचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता आणि कामगार मात्र सामंतांच्या मागे गेले होते. ज्याच्याशी कायद्याने बोलायचं त्याच्यामागे माणसं नाहीत, ज्याच्यामागे माणसं आहेत त्याच्याशी बोलायचं नाही. सरकारने तो कायदा बदलायला नकार दिला. दुसऱ्या बाजूला कित्येक मालकांना गिरणी चालण्याची घाईच नव्हती: यंत्रं जुनाट, भिवंडीच्या यंत्रमागावर कापड स्वस्त निघतंय, आणि गिरणीखालची जमीन दिवसेंदिवस महाग होतेय. बांध फुटला तरी ज्याचं काही जात नाही, तो चिखल टाकायला कशाला येईल?

सगळीकडे एकच मोठं टेबल हवं असंही नाही. लार्स काल्मफोर्स आणि जॉन ड्रिफिल या अर्थतज्ज्ञांनी १९८८मध्ये मांडलं की पगाराच्या वाटाघाटी एकतर देशपातळीवर व्हाव्यात नाहीतर एकेका कारखान्यात. मधल्या मध्ये, एकेका उद्योगाच्या पातळीवर झाल्या तर निकाल सर्वांत वाईट. उद्योगाची संघटना किमती चढवण्याइतकी मोठी असते, पण त्याचा चटका स्वतःला बसण्याइतकी मोठी नसते. या मांडणीवर पुढे भरपूर वाद झाले, पण विचार करायला ती उपयोगी आहे.

मंदीतून सावरताना तिघांच्या सहकार्याचा सर्वांत स्पष्ट नमुना २००९च्या जर्मनीत दिसला. त्या वर्षी तिथलं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, तरी बेकारी फारशी वाढली नाही. कारखान्यांनी माणसं काढण्याऐवजी तास कमी केले, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून मिळाला. तो निधी मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून उभा राहतो. ऐन मंदीत सुमारे १५ लाख लोक या योजनेत होते. मागणी परतली तेव्हा शिकलेला कामगार जागेवरच होता. नव्याने शोधा, शिकवा ही कटकट नाही.

आयर्लंडचं उदाहरणही नेहमी दिलं जातं, पण ते थोडं जपून घ्यावं. १९८७मध्ये बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास, तरुण पोरं देश सोडून चाललेली (कोकणी वाचकाला हे चित्र नवं नाही). तिथे सरकार, संघटना, मालक आणि शेतकरी यांनी तीन वर्षांचा करार केला: पगारवाढ वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास, बदल्यात आयकरात सूट. पुढे भरभराट झाली खरी, पण तिच्यात युरोपीय निधी आणि अमेरिकी कंपन्यांचाही हात होता, आणि बेकारी ठळकपणे उतरायला नव्वदीचं दशक अर्धं सरावं लागलं. २००८च्या पडझडीनंतर ती भागीदारी मोडली. शिवाय पगार धरून ठेवण्याचा फायदा कधी कधी सरळ नफ्यात जाऊन बसतो, ही संघटनांची तक्रारही खोटी नाही.

तिघांनी एकत्र बसायची कल्पना आपल्याकडे बाहेरून आणायची गरज नाही. रायगडातल्या गोरेगावचे ना. म. जोशी १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांच्या वतीने बसले होते. ऑगस्ट १९४२मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली, तेव्हा मजूरमंत्री म्हणून अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते, त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. आणि महाराष्ट्राने १९६९मध्ये माथाडी कायदा केला. पाठीवर गोणी वाहणाऱ्याला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. म्हणून मंडळ नेमलं, त्यात मालक आणि कामगार यांचे समसमान प्रतिनिधी आणि सोबत सरकारचे. हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि वरून मालकाने भरलेल्या लेव्हीतून, म्हणजे ठरलेल्या वर्गणीतून, भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उभं राहिलं की असं मंडळ कुठे लागू पडेल ते दिसतं. बोटींवर बरेच खलाशी नेपाळचे, कर्नाटकाचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, १ ऑगस्टला हंगाम सुरू. त्याआधी बोटमालक खलाशांना उचल देतो आणि जीव मुठीत धरून बसतो, कारण एखादा उचल घेऊन दुसऱ्या बोटीवर गेला तर हंगामाच्या तोंडावर बोट किनाऱ्यालाच. खलाशाची बाजूही तितकीच कच्ची: हिशोब मालकाच्या वहीत, वादळात होडी उलटली तर घरच्यांना काय मिळेल याची लेखी हमी नाही. खलाशांची नोंदवही मंडळाकडे असेल, उचल मंडळाच्या खात्यातून जाईल आणि मासळीच्या लिलावातून थोडी लेव्ही कापून विमा आणि बंदीच्या दोन महिन्यांचा भत्ता निघेल, तर मालकाची भीती आणि खलाशाची भीती एकाच वहीत मिटेल. प्रश्न दोन उरतात. लेव्ही बोटमालकाने भरायची, की मासळी उचलणाऱ्या निर्यातदारानेही? आणि हंगामापुरत्या आलेल्या नेपाळी खलाशाच्या वतीने मंडळात बसणार कोण?