दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांमधील ग्रोथ हार्मोन उपचार

ज्या मुलांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत ग्रोथ हार्मोन पुरेसे तयार होत नाही, त्यांना ते बाहेरून देणे हा या उपचाराचा मूळ उपयोग. सुरुवातीला हे हार्मोन मृत व्यक्तींच्या पीयूषिकेतून काढत, त्यामुळे ते मोजक्याच मुलांच्या वाट्याला येई. त्यातून काहींना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा रोग झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी अमेरिकेत जनुकीय तंत्राने बनवलेल्या हार्मोनला मान्यता मिळाली. तुटवडा संपला आणि हार्मोनची उणीव नसूनही वाढ खुंटलेल्या आजारी मुलांसाठी त्याचा विचार होऊ लागला.

त्यात सर्वांत भक्कम पुरावा दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये या वापराला परवानगी मिळाली. या मुलांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन नेहमीइतके, कधी जास्तही असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. ग्रोथ हार्मोनच्या प्रभावाने तयार होणारे आणि हाडांची वाढ घडवणारे आयजीएफ-१ हे द्रव्य रक्तात साचलेल्या प्रथिनांना चिकटून बसते आणि निकामी ठरते. म्हणून मात्रा मोठी लागते: दर किलो वजनामागे रोज ०.०४५ ते ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला साधारण १ मिलिग्रॅम. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पेनने रोज संध्याकाळी मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली हे इंजेक्शन देतात.

मात्र सुरुवात इंजेक्शनाने करणे चूकच. आधी रक्तातील आम्लता, ड जीवनसत्त्व आणि पोटात जाणारे अन्न सुधारावे लागते. सतत उलट्या होणाऱ्या तान्ह्या बाळाला नळीने भरवल्यावरही वाढ सावरू शकते. किडनी प्रत्यारोपणाच्या वेळी हार्मोन थांबवतात आणि आपसूक वाढ होते का हे पाहण्यासाठी निदान वर्षभर वाट पाहतात.

बालसंधिवात, क्रोन्स (आतड्यांचा दाहक आजार) आणि सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसे व पचनसंस्थेचा आनुवंशिक आजार) यांमध्ये सूज आणि स्टेरॉइडे वाढ रोखतात. तिथे हार्मोनने उंचीचा वेग वाढल्याचे आढळले आहे, पण प्रौढपणीच्या उंचीबद्दलचा पुरावा तोकडा आहे. अशा मुलांत मूळ आजार आटोक्यात आणून स्टेरॉइड कमी करणे अधिक मोलाचे. अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णाला तर हे हार्मोन देऊच नये: १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरील चाचण्यांत त्याने मृत्यू वाढले होते.

उपचार चालू असताना मूल लंगडू लागले किंवा खुबा दुखतो म्हणाले, तर मांडीच्या हाडाचे टोक घसरले आहे का हे तातडीने पाहावे. डोकेदुखीसोबत अंधुक दिसणे हे कवटीतला दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. रक्तातील साखरही तपासत राहावी लागते. हाडांच्या टोकांची वाढ संपली की उंचीसाठी हार्मोन देण्यात अर्थ उरत नाही, म्हणून मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे वेळेत पाठवणे महत्त्वाचे.